पिठावरचा कोट

बॉस्टनच्या विमानतळावर मला घ्यायला मेल्विन आला होता. मेल्विन माझा धाकटा भाऊ. श्रूजबरीला राहतो, आणि सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा त्याचा व्यवसाय. गाडीत बसल्याबसल्या मी विचारलं, दगडाचं काय ठरलं? तू आलीस ना, आता ठरवू, म्हणाला. म्हणजे काहीच ठरलं नव्हतं.

दगड आमच्या आजीच्या थडग्याचा. आजी वसईची. शेवटची काही वर्षं ती मेल्विनकडे राहिली, गेल्या उन्हाळ्यात वारली आणि तिथल्याच दफनभूमीत तिला पुरलं. दगडावर काय लिहायचं ते ती सांगून गेली होती : नाव, आणि खाली 'पोर्तुगीज वंशाची'. या वंशाचा तिला भारी अभिमान. आमच्या घराण्यात एक पोर्तुगीज कप्तान होऊन गेला असं ती सांगे. कप्तानाचं नाव मात्र दर खेपेला बदलत असे. रंगानं ती माझ्याइतकीच सावळी, पण उन्हात निघताना म्हणायची, "आपली कातडी इथली नाही."

पंचाईत केली मेल्विनच्या मुलीनं. आजी असतानाच रियानं शाळेच्या प्रोजेक्टसाठी घरातल्या सगळ्यांची थुंकी तपासायला पाठवली. निकालात पोर्तुगालचा मागमूस नव्हता. सगळे पिढ्यान्‌पिढ्या कोकणपट्टीतले. आजीनं निकाल शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "थुंकीत काय कळतं? रक्त काढायला सांग."

दुसऱ्या दिवशी आम्ही दफनभूमीत गेलो. सगळीकडे बर्फ. मी दोनदा घसरले. गाडीची काच खरवडायच्या खरवडणीनं मेल्विननं बर्फ बाजूला केला, तेव्हा खाली नावाची छोटी पत्र्याची पट्टी दिसली. शेजारच्या थडग्यांवर चकचकीत दगड, आणि आजीची ही पट्टी. तिनं आम्हाला फाडून खाल्लं असतं.

"मी खोटं लिहिणार नाही, ताई," मेल्विन म्हणाला. "दगड आहे तो. नंतर करेक्ट करता येत नाही."

मी म्हटलं, तिचा दगड, तिची मर्जी. बर्फ वितळला की दगड बसवायचा, म्हणजे मजकूर लगेच द्यायला हवा होता.

दगड घडवणारा फॉल रिव्हर गावचा. हे गाव समुद्राकडे, दक्षिणेला. तिथे पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेली माणसं पुष्कळ. मेल्विनच्या ऑफिसातल्या पॉलची आई तिथेच राहते. मजकूर पोर्तुगीजमध्ये लिहायची वेळ आलीच तर तो बिनचूक असावा, म्हणून आधी तिच्याकडे जायचं मी परस्पर ठरवून टाकलं. मेल्विन वाटभर कुरकुरत होता. त्या नादात एक्झिट चुकला आणि एका बंद पडलेल्या कापडगिरणीला आम्ही फेरी घालून आलो.

पॉलची आई, ओडेतबाई, ऐंशीच्या पुढच्या, ठेंगण्या, काळ्या कपड्यातल्या. हात पिठात. उपवासकाळ सुरू होण्याआधी त्यांच्याकडे मालासादा (यीस्ट घालून फुगवलेल्या पिठाच्या तळलेल्या गोड पुऱ्या) करतात, त्याचीच तयारी चालली होती. आमची आजी पोर्तुगीज होती, असं मी सांगितलं. त्यांनी आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, कुठल्या बेटावरची? मी वसई म्हटलं. ते बेट त्यांना ठाऊक नव्हतं.

"झालं समाधान?" मेल्विन मराठीत म्हणाला.

बाईंनी पीठ मळून गोल केलं. तळहाताच्या कडेनं त्यावर क्रूस उमटवला आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटल्या. आजी फुग्यांच्या (ताडीवर फुगवलेल्या मैद्याच्या तळलेल्या गोळ्यांच्या) पिठावर असाच क्रूस काढायची. पण असा क्रूस कुणीही ख्रिस्ती बाई काढेल, असं मी मनात म्हणते आहे तोवर त्या आत गेल्या आणि पुरुषाचा एक जुना काळा कोट घेऊन आल्या. पातेल्यावर फडकं, फडक्यावर कोट. बाह्या दोन्ही बाजूंनी नीट खाली खोचल्या.

मेल्विन खुर्चीतून उठला.

वसईला आजोबांचा चर्चला जायचा कोट असाच पातेल्यावर जायचा. आजोबा गेल्यावरही जायचा. श्रूजबरीत तिनं त्यासाठी मेल्विनचं महागडं स्की जॅकेट घेतलं होतं. पिठाचे डाग पडल्याची तक्रार त्यानं मला कितीदा फोनवर ऐकवली होती. तिचा हा विक्षिप्तपणा आहे, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"कोट कशासाठी?" त्यानं विचारलं.

"घरच्या पुरुषाची ऊब लागते," त्या म्हणाल्या. "पॉलचे वडील जाऊन खूप वर्षं झाली. कोट अजून काम करतो." आमच्या आजीचीही हीच रीत होती, असं मेल्विननं सांगितलं. तिला कुणी शिकवलं, बाईंनी विचारलं. तिच्या आजीनं, मी म्हटलं. आणि त्या आजीला? ते आम्हाला माहीत नव्हतं. बाईंनी मान हलवली आणि कॉफी ओतली.

मालासादा चांगल्या होत्या. आजीच्या फुग्यांइतक्या हलक्या नव्हत्या.

मेल्विननं दोन खाल्ल्या, हात पुसले आणि बाईंपुढे कागद ठेवला. अमक्याची पत्नी, तमक्यांची आई, आमची आजी, एवढंच लिहायचं, पण सगळं पोर्तुगीजमध्ये. 'वंशाची' हा शब्द नको.

"यात एक अक्षर खोटं नाही," तो मला म्हणाला. "आणि वाचणारा काय समजायचं ते समजेल."

आजीनं कुरकुर केली असती, पण चालवून घेतलं असतं. त्याच दुपारी ऑर्डर दिली. घरी आल्यावर मेल्विन ते स्की जॅकेट कुठे ठेवलंय, असं बायकोला विचारत होता.

राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो, त्याच्या आदल्या दिवशी मी वसईला पोचले. सामान तसंच ठेवून फुग्यांचं पीठ भिजवलं. क्रूस काढला, फडकं टाकलं आणि नवऱ्याचा लग्नातला कोट कपाटातून ओढला. तो म्हणाला, "अगं, इस्त्रीचा आहे." मी बाह्या खाली खोचल्या.

वसईच्या उकाड्यात पीठ कोटाशिवायही फुगतं. आजीला हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.