कूप

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. एका हिवाळ्यात चावडीवर नोटीस लागली: 'सदर कूप या हंगामात ताब्यात घेण्यात येईल. हरकत असल्यास कळवावे.' सरकारी भाषेत कूप म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा. गावाला मात्र फक्त कूपनलिका माहीत होती. केळी लावणाऱ्या माझ्या काकांना सगळे नाना म्हणत. त्यांनी पारावर निकाल दिला, "हाई बोरिंगनं काम शे. कोनी हरकत लिधी ते बठ्ठास्ना बोर मोजतीन. मुकाट बठा." गावातले निम्मे बोर विनापरवाना होते, म्हणून मोजणीची भीती सगळ्यांना पटली.

मी तेव्हा शहरात, देवपूरला शिकत होतो. दूर देशांतल्या वर्षावनांसाठी पत्रकं वाटत होतो. सुट्टीत आलो, नोटीस वाचली आणि ओरडूनच सांगितलं, की हा आपला डोंगर जाणार आहे. नाना हसले. "शिकेल-सवरेल माणूस! डोंगर तोडाले कोनी नोटीस लावस का?" पार खदखदून हसला. कुणीच हरकत घेतली नाही. लोकांना कळू नये अशा शब्दांत लोकांना विचारणं, ही मला कुऱ्हाडीइतकीच धारदार लबाडी वाटते.

उन्हाळ्यात मोह, टेंभुर्णी, अंजन, सगळं ट्रकांत भरून गेलं. वरचा झरा आटला. मग भुकेली वानरं पिलांसकट केळीत उतरली. बागायतदारांनी केळ्यांत विष भरलं.

सकाळी नानांच्या बागेत सरीसरीतून वानरं पडलेली होती. एक मादी मेलेलं पिल्लू सोडत नव्हती. नाना बांधावर थांबले, पुढे येईनात.

"इतला व्हतात का रे वर डोंगरमा?" त्यांनी मला विचारलं.