दसऱ्याला पूजलेली हार्ड डिस्क

कर्जतला एका क्लासमध्ये मी कॉम्प्युटर शिकवते. अनोळखी लिंक उघडू नका, फुकटचं सॉफ्टवेअर घेऊ नका, हे दिवसभर इतकं सांगते की घरी आल्यावरही तोंड बंद होत नाही. दहिवलीतल्या आमच्या घरी एकच कॉम्प्युटर आहे आणि मी तो नवसाच्या पोरासारखा जपायचे. अँटिव्हायरस विकतचा, पासवर्ड हातभर लांब. आई म्हणायची, "बँकेला पन एवढी कुलपं नसतील गं." मी चिडायचे. मी काय राखतेय हे तिला माहीत होतं, तरी छेडायची.

मी राखत होते बाबांचा आवाज. बाबांनी उभं आयुष्य कबड्डीच्या सामन्यांचं समालोचन केलं. कशेळ्यापासून खालापूरपर्यंत कुठल्याही मंडळाचे सामने असोत, माईक बाबांच्याच हातात. नोकरी कारखान्यातली होती, पण तिच्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही. मग घशाचा कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनच्या आधी मी फोन त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, बोला. काय बोलू, म्हणाले. मग खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी एक अख्खा सामना रंगवला, नसलेल्या खेळाडूंचा. आईला हाक मारली. माझी लेक तेव्हा पोटात होती, तिला म्हणाले, "ये गं लवकर, आजा वाट बघतोय तुझी." आवाज बसलेला होता, पण त्यांचाच होता.

ते रेकॉर्डिंग मी कॉम्प्युटरवर घेतलं आणि एक प्रत बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर. नेटवर कुठेच ठेवलं नाही, कारण नेटवर चोर असतात हे मीच पोरांना शिकवते. दमट हवेनं डिस्क बिघडू नये म्हणून ती पिशवीत गुंडाळून आईच्या तांदळाच्या डब्यात. दुपारी जेवण झालं की बाबा कॉम्प्युटर लावून स्वतःला ऐकायचे. लेक मांडीवर असायची. ती स्क्रीनकडे बोट दाखवून "आजा बोलला" म्हणायची आणि ज्याच्या मांडीवर बसलीय त्या आजाकडे बघायचीही नाही. बाबांना याचं हसू यायचं. मला नाही यायचं.

दसऱ्याला आमच्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा होते. बाबा दरवर्षी माईक पुजायचे. गेल्या दसऱ्याला त्यांनी माईक काढलाच नाही. तांदळाच्या डब्यातून डिस्क काढली, पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहून वर झेंडूचं फूल ठेवलं. आईला आणि मला भरून आलं, आणि अशा वेळी डोकं चालत नाही. पूजा झाल्यावर त्यांनी ती डिस्क कॉम्प्युटरला जोडली, सणाच्या दिवशी आवाज तिच्यातूनच ऐकायचा म्हणून. सगळ्यांनी ऐकला. मग आई आणि मी लेकीला घेऊन शेजारीपाजारी सोनं द्यायला गेलो.

बाबा पाटीवर लिहून बोलायचे. पाटी पुसली की बोलणंही गेलं, हे त्यांना आवडत नव्हतं. कॉम्प्युटरवर मराठीत लिहिता आलं तर सगळ्यांना दसऱ्याचं काहीतरी लिहून दाखवावं, असं त्यांच्या मनात आलं. मला विचारलं असतं तर मी आधी दहा नियम ऐकवले असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच मराठी टायपिंगचं फुकट सॉफ्टवेअर शोधून काढलं. त्यावर सूचना होती, आधी अँटिव्हायरस बंद करा. मैदानावर आयुष्यभर नियम वाचून दाखवलेला माणूस, त्यांनी सूचना पाळली.

आम्ही परतलो तेव्हा स्क्रीनवर इंग्रजीत मजकूर होता. तुमच्या सगळ्या फाइलींना कुलूप लावलंय, किल्ली हवी तर पैसे भरा. मी नेट बंद केलं, वायरी उपटल्या. डिस्क तेवढा वेळ जोडलेलीच होती, तिच्यातल्या फाइलींचीही नावं बदललेली. आई म्हणाली, "म्हंजे आता त्यांचा आवाज लागायचा नाय?" मला भयंकर राग आला होता आणि तो काढायला जागा नव्हती. बाबा हातात पाटी धरून उभे होते आणि पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्यानं दोन्ही वस्तू ठेवून घेतल्या. परत न्यायला गेले तेव्हा म्हणाला, "ताई, या कुलपाची किल्ली अजून कुनाकडंच नाय. पैसे भरून मिळंल याचा पन भरवसा नाय." कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून तो नव्यानं चालू करून दिला. डिस्कला हात लावला नाही, पुढेमागे कधी किल्ली निघाली तर. हे तो बोलला, डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसं.

मग मी शोधत सुटले. ज्या फोनवर रेकॉर्ड केलं होतं तो देऊन मी कधीच नवा घेतला होता. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत बाबा बोलताना दिसतात आणि ऐकू बँड येतो. मंडळांकडे विचारलं, नेरळपर्यंत जाऊन आले. एकाकडे सामन्याचं रेकॉर्डिंग होतं, पण त्यातलं समालोचन दुसऱ्याच कुणाचं. लोक मात्र भरभरून सांगत होते, काय आवाज होता तुमच्या बाबांचा. मला त्यांचं कौतुक ऐकवेना.

मराठी टायपिंग कॉम्प्युटरमध्ये मुळातच असतं. दोन बटणं दाबली की चालू होतं, बाहेरून काही आणावंच लागत नाही. शिमगा उलटल्यावर एका रविवारी मी ते बाबांना चालू करून दिलं. ते बराच वेळ एकेक अक्षर शोधत होते. मी मागे उभी होते. त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, "माझा आवाज कसा होता?"

मी लगेच म्हटलं, "भारदस्त होता, बाबा. खणखणीत." हे लोकांचेच शब्द होते. आवाज आठवायचा म्हणून मी डोळे मिटले, तर दवाखान्यातली बाबांची कुजबूज आठवली, आणि तीसुद्धा कदाचित नर्सची असेल. डोळे उघडले तेव्हा बाबा मान वळवून माझ्याकडे बघत होते. मग ते पुन्हा कीबोर्डकडे वळले आणि सावकाश लिहिलं, "तुला पन आठवत नाय."