कदिरवन नगरातलं पहिलं घर

सेल्वीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. "अम्मा गेल्या," ती तमिळमध्ये म्हणाली, आणि मग लाइनवर नुसती खरखर... अम्मा म्हणजे माझी यमुनात्या, वडिलांची धाकटी बहीण. सेल्वी तिची शेजारीण, सरकारी इस्पितळात नर्स. तंजावरला पोचले तर गल्लीच्या तोंडापासून भिंतीभिंतीवर श्रद्धांजलीची पोस्टरं. मध्ये आत्याचा फोटो, त्यावर 'आमच्या नगराची आई', आणि खाली रहिवासी संघाच्या झाडून सगळ्या पदाधिकाऱ्यांची नावं, आत्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. रिक्षातून उतरले आणि हाताला आलं ते पहिलं पोस्टर मी फाडलं. आता महिना उलटून गेला, तरी तो राग उतरलेला नाही.

आत्याचे यजमान सरकारी नोकरीत होते, अकाली गेले. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या फंडाच्या पैशांतून तिनं गावाबाहेर, वल्लमच्या रस्त्याला एकमेकांना लागून दोन प्लॉट घेतले. कर्जं सोपी झाली होती, भाताच्या खाचरांत पांढरे दगड आणि रंगीत झेंडे उगवत होते, आणि रविवारी प्लॉट विकणाऱ्या कंपनीची व्हॅन लोकांना भरून आणून जेवण घालून जागा दाखवायची. कदिरवन नगर म्हणजे सूर्याचं नगर. पाटीवर हसरं कुटुंब होतं, प्रत्यक्षात नुसतं ऊन. झाड म्हणून नाही. आम्ही तंजावरची मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत राहिलेली. एकट्या बाईनं शेतात जाऊन घर बांधायचं, हे कुणाला पटेना. वडील म्हणाले, "अगं, तिथं साप निघतात." ती आमच्या तंजावरी वळणात म्हणाली, "साप बरे की दादा. एकटी कां राहतेस म्हणून मज विचारत नाहीत."

त्या नगरातलं ते पहिलं घर. व्हॅनमधून उतरलेली माणसं उन्हानं हैराण होऊन तिच्याच पायरीवर टेकायची. ती ताक द्यायची आणि खरं ते सांगायची... पाणी किती खोल लागतं, पावसात कुठला कोपरा तुंबतो, बस कधी येत नाही. म्हणून बायकांचा विश्वास बसायचा. मास्तर आले, बँकेतले कारकून आले, एक निवृत्त फौजी आला. दिव्यांसाठी ती मोपेडवरून कचेऱ्या फिरली, रस्त्याकडेला कडुनिंब लावले, पोंगलला मैदानावर पोरांच्या शर्यती सुरू केल्या. जे बँकवाले पुढे संघाचे सेक्रेटरी झाले, त्यांच्या बायकोला कावीळ झाली तेव्हा ती बरी होईपर्यंत त्यांची मुलगी आत्याकडे जेवली, निजली.

मग सेल्वी आली. तिचे वडील नगरपालिकेत सफाईचं काम करायचे, हे व्हॅनमध्येच कुणीतरी ओळखलं असावं. ती पायरीवर ताक पीत बसली होती. आत्यानं विचारलं, "कुठला प्लॉट आवडला?"

"सगळे विकले गेले म्हणे, अम्मा."

कुठली जागा रिकामी आहे, ते आत्याला पाठ होतं. तिनं आपलाच दुसरा प्लॉट सेल्वीला विकायचं ठरवलं. रजिस्ट्रेशनच्या आधी संघाची मंडळी घरी आली. मी सुटीत तिथं होते, म्हणून हे ऐकीव नाही.

"अम्मा, आमच्या मनात काही नाही," सेक्रेटरी म्हणाले. "पण जागेचे भाव पडतील. मुलांची लग्नं व्हायची आहेत."

"सार, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा माझ्या घरी ताक प्यायलात. मी तुमची जात विचारली होती?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं, ते सांगा. मी बसले आहे."

पेले तसेच भरलेले ठेवून सगळे उठले.

ठरल्याप्रमाणे प्लॉट सेल्वीच्या नावावर झाला, शेजारी तिचं घर उभं राहिलं. त्यानंतर कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. नवरात्रात घरोघरी मांडलेल्या बाहुल्या बघायला यायचं आमंत्रण बंद झालं. तिच्या गल्लीचं पाणी दुरुस्तीच्या नावाखाली अख्खा उन्हाळा बंद राहिलं. तिच्या पायरीवर खेळणाऱ्या पोरांना हाका मारून घरी नेलं गेलं. शर्यतीही मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गेल्या. रस्त्यात भेटले की मात्र दुरून हात जोडायचे... हे वर्षानुवर्षं. शेवटी आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा तिला धुवायला-पुसायला, भरवायला सेल्वी होती. ड्यूटीआधी आणि ड्यूटीनंतर. बाकी कुणी फाटक उघडलं नाही.

आणि तेच लोक तेराव्यानंतर मैदानावर मांडव घालून बसले. सेक्रेटरी माइकवरून म्हणाले, अम्मांनी आम्हाला एका कुटुंबासारखं बांधलं, नगरातल्या बागेला त्यांचं नाव देऊ. सेल्वी मांडवाबाहेर उभी होती, ड्यूटीवरून तशीच आलेली. तिला बस म्हणणारं कुणी नव्हतं. घरची म्हणून मला बोलायला सांगितलं. मी तमिळमध्ये म्हणाले, "माझ्या आत्याला तुम्ही जिवंतपणी वाळीत टाकलंत. तिचं सगळं जिनं केलं, ती बाहेर उभी आहे. बागेला नाव द्यायचं तर आधी तिला खुर्ची द्या." कुणी हललं नाही. मग फौजीची म्हातारी बायको उठली आणि स्वतःची खुर्ची ओढत बाहेर घेऊन गेली. सेल्वी बसली नाही. त्या दोघी खुर्चीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

नंतर सेक्रेटरींनी वडिलांना बाजूला घेतलं. "घर विकायला काढायचं असेल तर आधी आम्हाला सांगा. आपली माणसं बघू."

माझे वडील आयुष्यात कुणाला उलटून बोललेले नाहीत. ते म्हणाले, "आपली माणसं म्हणजे कोण, सार?" घर त्यांनी विकलं नाही. सेल्वीच्या वॉर्डातल्या दोन तरुण नर्सना भाड्यानं दिलं.

सामान आवरताना आत्याचा पितळी कॉफी फिल्टर हातात आला. लग्नाकार्याला काढावा एवढा मोठा. संध्याकाळी कुणी ना कुणी येईल म्हणून ती तो रोज भरायची. कुणी यायचं बंद झालं तरी भरायची. "छोटा घे की," मी एकदा म्हटलं होतं. "लोक आले तर?" ती म्हणाली. उरलेला कॉफीचा अर्क रात्री कढीपत्त्याच्या मुळाशी ओतायची. त्या माणसांसाठी, इतकी वर्षं... माझ्या रागातला थोडा तिच्यावरही आहे, तो या फिल्टरमुळे. मी तो पुण्याला आणला नाही, त्या घरातच ठेवला. सेल्वी आणि त्या दोघी नर्स रात्रपाळीवरून येतात, भिंतीपलीकडून हाक जाते, तिघी एकत्र कॉफी पितात. फिल्टर आता रोज रिकामा होतो.