नापासताई आणि ओलं फडकं

संस्थेत तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की नापासताई. हे तिला ठाऊक होतं. एकदा जिन्यात दोन नवे संशोधक "आज नापासताईंचा मूड कसा आहे?" म्हणून कुजबुजत होते, तेव्हा तिने मागून उत्तर दिलं, "बरा आहे. नमुना घेऊन या." त्या दोघांनी त्यानंतर जिना सोडून लिफ्ट धरली ती कायमचीच.

इमारतींवर संशोधन करणारी ही संस्था म्हणजे एक मोठं खटलं होतं. तळमजल्यावर काँक्रीटवाले ठोकळे दाबून फोडत. त्यांच्या शेजारी कुणी भल्यामोठ्या पंख्यापुढे बुटक्या इमारती मांडून त्यांच्यावर वारा सोडत बसलेलं. वर रसायनवाले, त्यांच्या डोक्यावर आवाज मोजणारे, आणि सगळ्यात वर भरपूर उजेडात इमारतींचे आराखडे काढणारी मंडळी. नवीन काही बांधायचं म्हटलं की या सगळ्यांना एका टेबलाशी बसवावं लागे, आणि बसले की ते भांडत. काँक्रीटवाल्यांना सगळं जाड हवं, आराखडेवाल्यांना सगळं बारीक. एका बाबतीत मात्र त्यांचं एकमत होतं. भट्टीवर जायला कुणालाच नको असे.

भट्टी म्हणजे मागच्या आवारातली वेगळी खोली. मध्ये पोलादी चौकट, चौकटीच्या पायाशी गॅसचा बर्नर, आणि समोर जाड काचेची खिडकी. भिंतीला, छताला लावायची कुठलीही वस्तू आधी त्या चौकटीत टांगायची आणि खालून जाळ लावायचा. चौकटीवर एक लाल रेघ होती. ठरलेल्या वेळात ज्योत त्या रेघेच्या वर गेली की वस्तू नापास. मग ती कितीही देखणी असो, कुणीही बनवलेली असो.

यात नापासताईची स्वतःची एक पद्धत होती. बर्नर ती कधीच पेटवत नसे. ज्याने वस्तू बनवली, त्यानेच स्वतःच्या हाताने पेटवायचा आणि शेवटपर्यंत काचेशी उभं राहायचं. मध्येच चहाला सटकायचं नाही, फोन घ्यायचा नाही. "तुमचं लेकरू आहे, तुम्ही बघा," ती म्हणायची. भलेभले तिथे घाम पुसत उभे राहिले होते. तिच्या भट्टीतून पास होऊन निघालेली वस्तू लोक डोळे मिटून लावतात, असा संस्थेचा नावलौकिक होता. तिला शिव्या घालणारेही बाहेर गेल्यावर हे छाती फुगवून सांगत.

आगीशी तिची ओळख जुनी. वडील पावाच्या भट्टीवर कामाला होते, आणि शाळा सुटली की ही दप्तरासकट तिथेच. आग कशी धरते, कशी मरते, वरून शांत दिसली तरी आत काय करत असते, हे तिने पाढ्यांच्या आधी पाठ केलं. एकदा दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना तिने पाव मोडून मालकाला दाखवला. "काका, आत कच्चा आहे." वडिलांनी कपाळाला हात लावला. घरी जाताना मात्र त्यांना हसू आवरेना. "कार्टे, तुझं तोंड एक दिवस आपल्याला उपाशी मारणार," म्हणाले. पुढे ती इंजिनिअर झाली, आगीवरच डॉक्टरेट केली, आणि वडिलांनी तो प्रबंध, त्यातलं ओ की ठो कळत नसताना, भट्टीवरच्या प्रत्येकाला हातात धरून दाखवला.

धाकट्या भावाला तिनेच बोट धरून शाळेत नेलं होतं. तोही याच संस्थेत होता, आवाजवाल्यांत. घरही एकच. खाली ती एकटी, वर धाकटा, भावजय आणि त्यांची बिट्टी.

बिट्टीला जन्मापासून ऐकू कमी येई. दोन्ही कानांमागे यंत्रं होती. घरात तिचं झकास चाले, आत्याशी भांडण्यात तर ती कुणाला हार जात नव्हती. पण शाळेचा वर्ग म्हणजे चार गुळगुळीत भिंती आणि वर गुळगुळीत छत. बाईंचा एक शब्द भिंतींवर आपटून दहा ठिकाणांहून परत यायचा, आणि यंत्र तो सगळा गलका इमानेइतबारे मोठा करून कानात ओतायचं. बिट्टी पहिल्या बाकावर बसून बाईंच्या ओठांकडे बघत राहायची. बाई फळ्याकडे वळल्या की तिची शाळा संपली. बाकी जग तिच्याशी बोलायचं ते ओरडून. आत्याही त्यातलीच.

धाकट्याने डोक्यात घेतलं ते इथून. गावात नवी शाळा बांधायची होती आणि तिचे वर्ग आखायचं काम संस्थेकडे आलं होतं. त्याने गवताच्या काड्या दाबून एक पॅनेल बनवलं. सगळं भोकाभोकांचं. आवाज त्यात शिरायचा तो परत यायचा नाही. काड्या जळणारच, म्हणून रसायनवालीने त्या एका क्षारात भिजवून दिल्या. पॅनेल पास झालं तर ते शाळेच्या भिंतींना आणि छताला लागणार होतं. नाही झालं, तर ठेकेदाराकडे नेहमीचं गुळगुळीत छत तयारच होतं, आणि बिट्टी पुन्हा पहिल्या बाकावर.

धाकट्याने स्वतःच्या हाताने बर्नर पेटवला. ज्योत वर चढली, काड्या काळ्या पडल्या, आणि रेघेच्या बऱ्याच खाली ज्योत विझली. नापासताईने पासाची सही केली. त्या दिवशी तिने आवारात सगळ्यांसमोर धाकट्याच्या पाठीत असा धपाटा घातला की काँक्रीटवाले काका बाहेर येऊन बघायला लागले. संचालकांनी लगेच शाळेला कळवून टाकलं. उरलेल्या पॅनेलांतलं एक धाकट्याने बिट्टीच्या खोलीत लावलं.

काही आठवड्यांनी सुट्टीच्या सकाळी ती वर गेली, तर भावजय पॅनेलवरून ओलं फडकं फिरवत होती.

"काय करतेस गं?"

"काय करणार? तुमची भाची. रंगाचे हात पुसायला हिला दुसरी जागा मिळत नाही. दर दोन दिवसांनी हेच काम."

नापासताईची नजर खाली गेली. पॅनेलच्या खालच्या कडेला पांढरी पूड साचली होती. फरशीवरही थोडी सांडलेली. तिने ती चिमटीत घेऊन चोळली. काड्यांतला क्षार पाण्याबरोबर बाहेर येत होता. आगीला अडवणारी एकच गोष्ट त्या पॅनेलमध्ये होती, आणि ती फडक्याने पुसली जात होती.

पाच विभागांनी ते पॅनेल तपासलं होतं. दाबलं, वाकवलं, ऐकलं, जाळलं. पुसलं मात्र कुणीच नव्हतं. कारण संस्थेचा शिरस्ता असा, की नमुन्याला बोट लावायचं नाही. हातमोजे घालून उचलायचा, कोरड्या खोलीत झाकून ठेवायचा. त्या निगुतीचा सगळ्यांना केवढा अभिमान! नापासताईला तर सगळ्यात जास्त.

"हे मी काढून नेतेय," ती म्हणाली.

धाकटा दारात उभा होता. त्याला सांगावं लागलं नाही, पूड त्यालाही दिसली होती.

"ताई, नियमात पुसायचं कुठे लिहिलंय?"

"नियमात नाही. पण शाळेत पुसणार ना रे."

"तू पास दिलंयस. शाळेला कळवून झालंय. आता हे बंद पडलं तर ते गुळगुळीत छत लावून मोकळे होतील. बिट्टी बसणार आहे त्या वर्गात, कळतंय का तुला?"

"म्हणूनच नेतेय," ती म्हणाली. तिचा हात पॅनेलवरून निघाला नाही.

भट्टीत धाकटा म्हणाला, "या वेळी तूच पेटव." तिने नकारार्थी मान हलवली. त्याला तिची पद्धत माहीत होती. त्याने पेटवला. ज्योत वर गेली, रेघेपाशी क्षणभर रेंगाळली आणि रेघ ओलांडून सरळ वरच्या कडेला पोचली. दोघं काचेशी उभे होते.

दुसऱ्या दिवशी ती संचालकांकडे गेली. ते चष्मा पुसू लागले.

"मॅडम, नियमाप्रमाणे ते पासच आहे. कुणी आपल्याला विचारणारही नाही. तुम्ही का मागे घेताय?"

"सही माझी आहे, सर. ती मला विचारतेय."

संचालकांनी शाळेकडून थोडी मुदत मागून घेतली. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

धाकट्याने बोलणं टाकलं. वरून त्याच्या पावलांचा आवाज यायचा, जिन्यात भेटला तर भिंतीकडे बघत जायचा. नापासताई ओट्याशी उभी राहून रडली. चूक केली म्हणून नव्हे, बरोबर केलं आणि तरीही इतकं दुखतंय म्हणून. भावजय खाली आली ती अपराधी चेहऱ्याने.

"ताई, मी ते पुसायलाच नको होतं."

"वेडी आहेस का? अख्ख्या संस्थेला जे सुचलं नाही ते तू केलंस. बस, चहा टाकते."

मग एके दिवशी सगळे पुन्हा टेबलाशी बसले. रसायनवाली म्हणाली, वरून रंग मारू, म्हणजे क्षार आत राहील. धाकट्याने मान वर केली. "भोकं बुजतील. मग ते आणि गुळगुळीत छत सारखंच." इतक्या दिवसांत सभेत तो पहिल्यांदाच बोलत होता. काँक्रीटवाले काका म्हणाले, मग क्षार हवाच कशाला? प्रत्येक काडीला सिमेंटचा पातळ हात द्या, भोकं तशीच राहतील. करून बघितलं तर सिमेंट धरेचना, काडीतली साखर त्याला घट्ट होऊ देत नव्हती. त्यावर रसायनवालीने आधी काड्या चुन्याच्या निवळीत भिजवल्या, आणि सिमेंट धरलं. आता पॅनेल जड झालं. आराखडेवाल्यांनी नाकं मुरडली, छताचा सांगाडा नव्याने काढावा लागेल म्हणून आरडाओरडा केला, आणि मग तो इतका सुरेख काढला की काका तो आपल्या विभागात भिंतीवर लावून बसले. या सगळ्या वरखाली धावपळीत धाकटा एकेका मजल्यावर हातापाया पडत फिरत होता. नापासताई लांबून बघत होती. आपण बोट धरून नेलेलं पोर आता इतक्या लोकांना बोट धरून नेतंय, हे बघून तिचा ऊर भरून येत होता. सांगायची मात्र सोय नव्हती, तो बोलत कुठे होता?

एका सकाळी तो भट्टीच्या दारात उभा राहिला. एका हातात नवं पॅनेल आणि दुसऱ्या हातात बादली, तिच्यात ओलं फडकं. हातमोजे नव्हते.

"इतके दिवस रोज पुसलंय," तो म्हणाला. "मी, बिट्टीने, तिच्या आईने. बिट्टीने तर घासलंय. आता तुझ्यासमोर एकदा पुसतो."

"पूस," ती म्हणाली. त्याहून जास्त बोलली असती तर रडूच फुटलं असतं.

पॅनेल निथळून वाळेपर्यंत दोघं आवारात बसले. हळूहळू काका आले, रसायनवाली आली, वरचे आराखडेवाले चक्क जिने उतरून आले. धाकट्याने बर्नर पेटवला. ज्योत लागली, काड्यांवर काळा डाग पडला, आणि डाग तिथेच राहिला. ज्योतीने रेघेकडे बघितलंसुद्धा नाही. वेळ संपल्यावर नापासताईने सही केली. धाकट्याने तो कागद वर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला,

"नापासताईंनी पास केलंय!"

तिच्या तोंडावर ते नाव कुणी पहिल्यांदाच घेतलं होतं. सगळे दचकले. ती हसली तेव्हा टाळ्या पडल्या. तेव्हापासून कुठल्याही विभागातला नमुना भट्टीवर येताना बादली आणि फडकं सोबत येतं, आणि पुसायचं कामही बनवणाऱ्याचंच. हा शिरस्ता तिने घातला, पण पहिलं फडकं कुणाचं, हे ती प्रत्येक नव्या माणसाला आवर्जून सांगते. भावजय संस्थेत आली की लोक तिला उठून खुर्ची देतात.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी धाकटा सगळ्यांना वर्ग दाखवायला घेऊन गेला. छताला आणि भिंतींना ती खरबरीत, करड्या रंगाची पॅनेलं लागली होती. बाक नवे, फळा कोरा. बिट्टी आत शिरली आणि पहिला बाक ओलांडून, दुसरा ओलांडून, थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसली. धाकटा तिला परत बोलावणार होता, भावजयीने त्याचा हात धरला.

नापासताई फळ्यापाशी गेली. खडू उचलून तिने बिट्टीचं नाव लिहायला घेतलं. पाठ बिट्टीकडे, तोंड फळ्याकडे. आणि सवयीने, इतक्या वर्षांच्या सवयीने, घसा ताणून ओरडली,

"बिट्टी, अक्षर दिसतंय का गं तिथून?"

"आत्या, ओरडतेस कशाला?" मागून आवाज आला, वैतागलेला. "ऐकू येतंय ना मला."

खडू हातातच राहिला. तिला मागे वळायचं नव्हतं, डोळे भरून आले होते आणि ओठ तर मुळीच दाखवायचे नव्हते. फळ्याकडेच बघत, शेजारी उभ्या माणसाशी बोलावं तितक्या हळू तिने विचारलं,

"आणि आता?"

"आता पण," बिट्टी म्हणाली.