मेडशीच्या रायफलीची जन्मतारीख

"लाकूड काढू नका, साहेब. आजोबाचा हात लागला हाय त्याले," भाऊसाहेब म्हणाले.

मी स्क्रू फिरवतच राहिलो. सत्तरच्या दशकात मी अकोल्याच्या पोलीस मुख्यालयात आर्मोरर होतो, म्हणजे हत्यारं तपासणारा. मेडशीच्या दोन जमीनदार भावांत एका शिकारी रायफलीवरून वाद पेटला होता. थोरले भाऊसाहेब म्हणत, ती आजोबांनी थोरल्या नातवाला दिली. धाकटे नानासाहेब म्हणत, ती वडिलांनी विकत घेतली, म्हणून दोघांची. भावांचं बोलणं बंद. लायसन कोणाच्या नावावर करायचं ते ठरेना, म्हणून रायफल ठाण्यात जमा होऊन तपासायला माझ्याकडे आली होती.

"इंग्रज साहेबानं बक्षीस देल्ली. लंडन लिवलं हाय नळीवर. ह्याच रायफलीनं आजोबानं वाघ मारला. मंग वीस साली ते गेले."

नळीवर लंडनच्या दुकानाचं नाव होतं, हे खरं. पण दुकान म्हणजे कारखाना नव्हे. पुष्कळ दुकानदार बाहेरून रायफली मागवत आणि वर आपलं नाव कोरत. खरी ओळख लाकडाखाली असते. नवी नळी विकण्याआधी जादा दारू भरून बार काढतात. ती फुटली नाही, की शिक्का मारतात. त्याला प्रूफ मार्क म्हणतात.

लाकूड निघालं. मुकुट आणि खाली इंग्रजी एन अक्षर, हा जर्मन शिक्का. शेजारी बारीक आकडे, चार आणि सत्तावीस. जर्मन लोक महिना आणि साल ठोकत.

"काय निंगालं?" नानासाहेबांनी विचारलं.

"जर्मनी. एप्रिल सत्तावीस."

भाऊसाहेबांनी वाकून आकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे वाघ..."

"वाघाचं मला माहीत नाही. या रायफलीनं मेला नाही, एवढं नक्की."

"थो आकडा घासून टाकला तं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"केस होईल."

नानासाहेब वाद जिंकले होते. पण त्यांचंही तोंड उतरलं. त्या वाघावर दोन्ही घरच्या सोयरिकी जमल्या होत्या. ते भावाकडे वळले. "दादा, हा मानूस आपल्या आजोबाले लबाड म्हनून राह्यला."

"मी कवाचा आयकून राह्यलो," दादा म्हणाले.

थोड्याच दिवसांत एसपी साहेबांनी मला बोलावलं. घराण्याची बदनामी केल्याची तक्रार होती, खाली दोघा भावांच्या सह्या.

"'शिक्के अस्पष्ट' असं लिहिता आलं नसतं?"

"स्पष्ट होते, सर."

रिपोर्ट तसाच गेला. माझी बदली झाली. रायफल न्यायला दोघांतला एकही आला नाही, कारण नेली असती तर एप्रिल सत्तावीस कबूल करावा लागला असता. भांडलेले भाऊ एक करायचे असतील, तर त्यांच्या आजोबांचा वाघ काढून घ्यावा. फक्त आपली वळकटी आधी बांधून ठेवावी.