बिनखिशाचे शर्ट

दिग्रसला शेठजींच्या कापडदुकानाच्या ओट्यावर माझं शिलाई मशीन होतं. दुकान त्यांचं आणि बाजारापलीकडचं कापसातून सरकी काढायचं जिनही त्यांचंच. जिनातली माणसं आठवड्याचा चुकारा घेऊन निघाली की दुकानात कापड घेत आणि तिथंच माझ्याकडे शिवायला टाकत. शेठजींनी दिलेली मजुरी फिरून त्यांच्याच गल्ल्यात येई. मधल्यामध्ये माझंही पोट भरे.

कापसाचा भाव पडला तेव्हा त्यांनी मजुरी तिसऱ्या हिश्श्यानं कापली. मंदी आहे, सगळ्यांनी मिळून सोसायचं, बाजार सावरला की पुन्हा देऊ, असं म्हणाले. माझी बायको जिनात रेच्यावर, म्हणजे यंत्रात कापूस घालायच्या कामावर होती. आम्ही सोसलं. दोन हंगामांनी भाव चढला, फाटकापुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागली, शेठजींच्या दारात नवी मोटार आली. मजुरी मात्र होती तिथंच. बायको विचारायला गेली तर चारचौघांत म्हणाले, "तुह्या जागेवर याले धा जनी उभ्या हायेत."

ती रडली नाही. भाकरी थापता थापता सांगितलं, तेवढंच. मी मात्र तेव्हाच ठरवलं, या माणसाची फजिती मला या डोळ्यांनी पाहायची आहे.

संधी त्यांनीच दिली. दिवाळीआधी ओट्यावर येऊन विचारू लागले, बाजार सावरला, माल किती भरू? माझ्या मशीनवर तेव्हा ठिगळांशिवाय काम नव्हतं, म्हणजे गावात नवं कापड कोणी घेणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, भरा मनसोक्त. स्वतःच्या नफ्यावरून त्यांना सारं गाव सुखी दिसत होतं. निळ्या पट्ट्यांचं एकच कापड स्वस्तात मिळालं म्हणून त्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे आणले. दिवाळी झाली तरी ते हलले नाहीत. माझ्याही घरी फराळ झाला नाही, पण ते गठ्ठे पाहूनच मी तृप्त होत होतो.

पुढं मजुरांनी वाढ मागितली, तर शेठजींनी वाढीऐवजी प्रत्येकाला त्यातला एकेक शर्टपीस वाटला. अडकलेला माल निघाला आणि तोंडंही बंद झाली, असं त्यांना वाटलं. बायकोनं तो तुकडा माझ्यापुढे टाकला. मी जिनात निरोप धाडला, शिलाई फुकट. पंधरा दिवस घरी मशीन नेऊन शर्ट शिवले, मग ते परत ओट्यावर आणलं. फक्त खिसा एकालाही लावला नाही.

मग एका सकाळी सगळे ते शर्ट घालून फाटकावर उभे राहिले. बायकांनी लुगड्यावरून चढवले होते, कापूस वेचताना चढवतात तसे. आत कोणी जाईना. मागं गाड्या खोळंबल्या. शेठजी बाहेर आले, त्यांनी गर्दीत मला हेरलं.

"काहून बे, खिसे काहून नाही लावले?"

"ठेवाले काही असतं तर लावले असते, शेठजी."

माझी बायको सगळ्यांच्या पुढं होती. ती शांतपणे म्हणाली, "त्या धा जनी बलवा न आता."

दहा सोडा, एकही आली नाही. ऐन हंगामात सगळ्याच जिनांना माणसं हवी होती. तिसऱ्या दिवशी शेठजींनी मजुरीतला कापलेला हिस्सा परत सुरू केला आणि त्याच संध्याकाळी माझं मशीन ओट्यावरून खाली काढलं. मी ते जिनाच्या फाटकासमोर कडुलिंबाखाली मांडलं. चुकारा वाढला तशी माणसं पुन्हा त्यांच्याच दुकानात कापड घ्यायला शिरली. त्यांचं दुकान आम्हीच पुन्हा चालतं करून दिलं, हे मला अजून सलतं.

खिशांचे तुकडे मी बेतून ठेवलेले होते. पहिल्या वाढीव चुकाऱ्याला माझ्यापुढं रांग लागली. पहिला खिसा मी बायकोच्या शर्टाला लावला, शेठजी फाटकात उभे असताना, मुद्दाम सावकाश.