शंभर वर्षांचं टेबल

डावऱ्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. साडेपाचला तो फर्निचरच्या कारखान्यात हजर असायचा. आठ वाजता सुतारांच्या करवती सुरू झाल्या की भुसा उडतो, आणि ओल्या पॉलिशवर भुसा बसला की केलेलं काम पुन्हा करावं लागतं. केलेलं काम पुन्हा करणं हा डावऱ्याच्या लेखी गुन्हा होता.

त्याचं काम ऐकून लोक हसायचे. नवं कोरं टेबल त्याच्याकडे यायचं आणि तो ते म्हातारं करून द्यायचा. आधी साखळीनं बडवायचं. मग पॉलिश पेपरनं कडा झिजवायच्या. पण सरसकट नाही, माणसाचं मनगट टेकतं तिथंच. मग टोच्यानं किडीची भोकं पाडायची. भोकं एका ओळीत आली की सोंग उघडं पडलंच. कीड काही पट्टी धरून लाकूड खात नाही. शेवटी लाखेचे सात हात, आणि आधीचा वाळल्याशिवाय पुढचा नाही.

"नव्याला जुनं करायचे पैसे घेता?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "नको असेल तर थांबा शंभर वर्षं. आपोआप होईल."

त्याची बायको कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करायची. घरी आल्यावरही तिचे हात थांबत नसत. कारखान्यातल्या चिंध्यांच्या वेण्या घालून तिनं दारातली गोल सतरंजी केली होती. फुटक्या टोपलीला रंग देऊन तिची दिव्यावर टोपी केली होती. उरलेलं सामान जुन्या बाजारातलं. खुर्च्या तीन आणि तिन्ही तीन तऱ्हेच्या. एकीवर तिरकं बसावं लागे, दुसरीवर टेकायचं नाही, तिसरीवरून हळू उठायचं. कॉलेजात जाणारी लेक म्हणायची, "पाहुणे आले की आधी सूचना वाचून दाखवत जाऊ."

"तुझ्या या घरात बसण्यापेक्षा उभं राहणं सोपं," डावरा बायकोला म्हणायचा.

"तुम्ही बोलूच नका. दिवसभर खोटं जुनं करता. हे खरं जुनं आहे."

एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे टेबल. तिघं मांडीवर ताट घेऊन जेवायची. सगळ्यांनी एका टेबलाशी बसून जेवावं ही बायकोची जुनी हौस. त्यासाठी तिनं आठ महिने जादा पाळी केली. आणि एका गुरुवारी डावरा घरी आला, तर खोलीच्या मधोमध टेबल.

"न्यायाधीशाच्या घरातलं आहे," ती म्हणाली. "शंभर वर्षांचं. दुकानदारानं शपथेवर सांगितलं."

डावऱ्यानं कडेवरून हात फिरवला आणि तो जागीच थांबला. कड डावीकडे झिजलेली होती. तीन वर्षांपूर्वी अशाच एका कडेवरून मालक त्याच्यावर खेकसला होता, "सगळी गिऱ्हाइकं तुझ्यासारखी डावखुरी आहेत का रे?" अशाच नव्हे, याच कडेवरून.

"न्यायाधीश डावखुरा असावा," तो म्हणाला.

"बघा! तुम्हालासुद्धा कळलं." बायको हरखून गेली.

मग सांगायचं राहूनच गेलं. ती मऊ फडक्यानं टेबल पुसायची आणि पेल्याच्या गोल डागापाशी हलकेच थांबायची. "इथंच बसून निकाल लिहीत असतील, नाही?" डावरा खाली मान घालून जेवायचा. तो डाग त्याच्या दुपारच्या चहाचा होता.

रविवारी डावऱ्याची थोरली बहीण आली. ताईच्या घरी सगळं नवं, इतकं नवं की सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. आल्या आल्या ती म्हणाली, "काय गं, भंगाराच्या दुकानात भर घातलीत वाटतं?" मग तिनं चष्मा लावला, टेबलावर वाकली आणि झटकन मागे सरली.

"अगं, कीड आहे ही! माझ्या शेजारणीनं अशीच एक पेटी आणली होती. सहा महिन्यांत दाराची चौकट पोखरली. आजच्या आज बाहेर काढ."

"दुकानदार म्हणाला, कीड केव्हाच मेली."

"तो काय किडीच्या मयताला गेला होता?"

बायकोनं वर पाहिलं. छताच्या तुळया लाकडी होत्या. मग तिनं फडकं बाजूला ठेवलं. "अहो, धरा तिकडून. बाहेर नेऊ." आवाज साधाच होता, पण हात टेबलावरून निघत नव्हता.

डावऱ्यानं टेबल धरलं नाही.

"ते कुठं जात नाही," तो म्हणाला.

"अरे, आणि कीड?" ताई ओरडली.

"कीड मी आहे."

त्यानं कामाच्या पिशवीतून टोच्या काढला आणि एका भोकात घातला. घट्ट बसला. दोन सूत आत गेला आणि थांबला. दुसऱ्या भोकात घातला, तिथंही दोन सुतांवर थांबला. "खरी कीड आत जाऊन वळते," तो म्हणाला. "मला सरळच जाता येतं."

ताईला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ती तिरक्या खुर्चीत सरळ बसली आणि पडता पडता वाचली. "म्हणजे नवऱ्यानं केलेलं बायकोनं बाजारातून विकत आणलं! अरे देवा!" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

बायको हसली नाही. "तीन दिवस गप्प बसलात?"

"तू खूश होतीस."

"आणि न्यायाधीश?"

"माझी त्यांची भेट नाही."

तिनं टेबलावरून हात फिरवला. या वेळी फडकं नव्हतं. "किती दिवस लागले होते?"

"अकरा. एक अख्खा दिवस नुसत्या भोकांना."

"एवढ्याशा भोकांना? मी दिवसाला शेकड्यांनी काजं करते."

"तुझं प्रत्येक काज सारखं दिसावं लागतं. माझं एकही भोक दुसऱ्यासारखं दिसून चालत नाही."

हे तिला पटलं. मान हलली.

"उद्याच परत कर," ताई डोळे पुसत म्हणाली.

"कशाला? न्यायाधीशाचं होतं तेव्हा गरम भांडं ठेवायची भीती वाटत होती. आता डाग पडला तर पाडणाराच काढेल." आणि नवऱ्याकडे वळून, "उभे काय राहिलात? ताटं घ्या."

लेकीनं डबा पालथा घालून चौथी खुर्ची केली आणि चौघं टेबलाशी बसली. आठ महिन्यांच्या जादा पाळीच्या मजुरीत बायकोनं शेवटी घरात आणलं ते नवऱ्याचं अकरा दिवसांचं काम, तेही मालकाच्या आणि दुकानदाराच्या नफ्यासकट.